ट्रेलरमधून घोडा नेताना: चोर्ल्याच्या वळणांवर शिकलेलं

माझ्याकडे घोड्याचा ट्रेलर मागायला कुणी आला की मी त्याला आधी एक काम सांगतो. रिकाम्या ट्रेलरमध्ये स्वतः उभा राहून बघ. रस्त्यावर अजिबात नाही, आपल्या मोकळ्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या माळावर. गाडी दुसऱ्याला हाकू दे, सायकलच्या वेगानं, आणि तू आत कशालाही न धरता उभा राहा.

माझ्या भाच्यानं मला असं फिरवलं तेव्हा पहिल्याच वळणाला मी खांद्यावर आपटलो. दहा मिनिटांत पोटऱ्या भरून आल्या. तो सडा मला लहानपणापासून पाठ आहे, कुठं खड्डा, कुठं वळण ते डोळे मिटून सांगेन, तरी ही गत. घोड्याला तर पुढचा रस्ता दिसतच नाही. वजन एका बाजूला गेलं की मगच त्याला कळतं की वळण आलं. प्रवासात घोडा नुसता उभा असतो असं आपल्याला वाटतं. खरं तर तोल सांभाळण्यात त्याची चालण्याइतकीच मेहनत होते.

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला. २०१२ साली खाणी बंद झाल्या तोवर खनिजाचा ट्रक चालवायचो. खेपा मोजून पैसे, त्यामुळे हात तसाच बसला होता: वळणात शिरून ब्रेक, सुटल्यावर दाबून ॲक्सिलरेटर. खनिजाला त्याचं काही नसतं. ट्रक गेला आणि दोन-तीन वर्षांनी लाखी आली, लाखी रंगाची भीमथडी घोडी, घाटावरच्या धनगरांकडून घेतलेली. बिऱ्हाड पाठीवर घेऊन मैलोन् मैल चाललेली, पण चाकांवर कधी न चढलेली. पुण्याहून जुना, दोन घोड्यांचा ट्रेलर आणला आणि पहिल्याच वर्षी कर्नाटकातल्या जांबोटीहून चोर्ला घाटातून तिला घरी आणताना तिन्हीसांजेला एका वळणावर समोरून ट्रक आला. मी जुन्या सवयीनं ब्रेक दाबला. मागं धाडकन आवाज झाला. पुढं जागा बघून थांबलो, टॉर्च मारली, तर लाखी दोन्ही गुडघ्यांवर, मोहरकी (तोंडावरची दोरीची बांधणी) ताणलेली, डोळ्यांतलं पांढरं दिसतंय. गुडघ्यांची कातडी तीन आठवड्यांत भरली. ती पुन्हा न घाबरता ट्रेलरमधून प्रवास करायला चार महिने लागले. पुढं जे लिहितोय ते त्या चार महिन्यांत आणि त्यानंतरच्या खेपांत हाताला लागलेलं आहे.

आधी घोडा तोल कसा धरतो ते समजून घ्या. उभ्या घोड्याचं साधारण साठ टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. ब्रेक लागला की आणखी पुढं येतं आणि तो पुढचे पाय रोवतो. गाडी सुटली की मागच्या पायांवर बसल्यासारखा होतो. वळणात पाय फाकतो आणि मान खाली घेऊन तोल साधतो. म्हणजे त्याला तीन गोष्टी हव्यात: पाय फाकायला जागा, खुराला पकड आणि मान हलवायला मोकळीक. पुष्कळांची समजूत असते की घोड्याला दोन्हीकडून आवळून उभं केलं की तो पडत नाही. याच्या उलट होतं. पाय फाकता आले नाहीत की तो भिंतीवर रेलतो, मग खूर घसरतात आणि भिंतीवर चढू बघितल्यासारखे पाय झाडायला लागतो. एकदा असं झालं की पुढच्या वेळी वळणाची नुसती चाहूल लागली तरी झाडतो. लोक म्हणतात घोडा खोडकर आहे. तो पडायला भितो एवढंच.

माझ्या ट्रेलरमधलं मधलं पार्टिशन जमिनीपर्यंत होतं. वेल्डरकडून खालचा अर्धा भाग कापून घेतला आणि तिथं जाड रबराचा पडदा लावला. आता पाय पलीकडे सरकतो, पण शेजाऱ्याच्या पायावर लाथ बसत नाही. खर्चाच्या मानानं एवढा उपयोग दुसऱ्या कशाचा झाला नाही. एकच घोडा असेल तर पार्टिशन बाजूला सरकवून त्याला जास्त रुंदी द्या.

एकटा घोडा उजव्या बाजूला, ड्रायव्हरच्या मागं उभा करायचा. आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून मधे उंच आणि कडेला उतरते असतात, आणि आपण डावीकडून चालतो. वजन डावीकडे ठेवलं तर ट्रेलर गटाराकडे ओढला जातो. दोन घोडे असतील तर जड तो उजवीकडे.

फरशीकडे गोव्यात विशेष लक्ष हवं. चार महिने पाऊस, त्यात घोड्याचं मूत, आणि फरशी लाकडी. वरून रबराची मॅट छान दिसते आणि खाली फळी कुजलेली असते. दर महिन्याला मॅट पूर्ण उचलून स्क्रूड्रायव्हर फळीत टोचून बघा. मऊ लागली तर त्या दिवशी घोडा न्यायचा नाही. समुद्रकाठच्या मोरजी-हरमलकडच्या ट्रेलरांना खारी हवाही खाते, तिथं बिजागऱ्या, फाळक्याच्या (घोडा चढवायला खाली पाडतात त्या मागच्या दाराच्या) कड्या आणि पिकअपला ट्रेलर जोडतात तो गोळा यांचा गंज आधी बघावा. ट्रेलर जोडल्यावर दूर उभं राहून बाजूनं पाहा. तोंड वर किंवा खाली झुकलं असेल तर घोडा अख्खा रस्ता चढावर किंवा उतारावर उभा राहणार. मॅटवर सुताराकडचा रंध्याचा भुसा पातळ पसरा आणि वर पाणी शिंपडा, म्हणजे धूळ नाकात जात नाही आणि ओल्या लिदेवर खूर सटकत नाही.

आता चढवणं. यात घाई करणाऱ्याला मी ट्रेलर देत नाही.

घोड्याच्या डोळ्याला उजेडातून अंधारात सरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. आपल्याकडे दुपारी जांभ्याच्या अंगणात ऊन चकाकत असतं आणि समोर ट्रेलरचं काळं तोंड. त्याच्या लेखी ती गुहा आहे. म्हणून सकाळी ट्रेलरचा फाळका पूर्वेकडे करून लावा, म्हणजे ऊन थेट आत पडतं. पुढचं छोटं दार आणि खिडक्या उघड्या ठेवा. उतरता फाळका पायाखाली हलू नये म्हणून मी त्याच्याखाली दोन चिरे सरकवतो. हललेला फाळका घोडा विसरत नाही.

पहिले काही दिवस कुठंही जायचं नाही. ट्रेलर गाडीला जोडलेला, चाकांना दगड लावलेले, आणि आपल्या हाती मोहरकीची दोरी. घोड्याच्या डाव्या खांद्याशी उभं राहायचं, तोंड ट्रेलरकडे. त्याच्या डोळ्यांत बघत पुढून ओढलंत तर तो मागंच ओढणार, आणि त्या ओढाओढीत आपण कधीच जिंकत नाही. दोरीला थोडा ताण द्या. त्यानं पुढं झुकून नुसतं हुंगलं तरी त्या क्षणी दोरी ढिली. पहिल्या दिवशी लाखीनं एक पाय फाळक्यावर ठेवला आणि मी तिला लगेच मागं घेतलं. भाचा म्हणाला, “मामा, चढत होती की!” चढत होती, पण तिला उतरता येत नव्हतं. मागं पाऊल टाकत उतरणं हा धड्याचा अर्धा भाग आहे. उलटं उतरायला न शिकलेला घोडा आत गेला की घाबरून सुसाट मागं येतो आणि फाळक्याच्या कडेवरून पाय मोडून घेतो. एक पाय वर, एक पाय मागं. मग दोन पाय. मग चारी. आत गेला की तोबऱ्यात मूठभर चंदी (दाणा), मानेवर खाजवणं, आणि तो कंटाळायच्या आत बाहेर. आमचे चौदा दिवस गेले, त्यात दोन दिवस असे की आदल्या दिवसापेक्षा कमी झालं. तसं झालं तर एक पायरी मागं जा आणि जमलेल्या गोष्टीवरच दिवस संपवा.

मागून दोर लावून, काठ्या दाखवून चार माणसांनी ढकलत घोडा चढवलेला मी बाजारात पुष्कळदा पाहिलाय. तो त्या दिवशी चढतो. दुसऱ्यांदा मात्र ट्रेलर दिसताच उभा राहतो, पुढचे दोन पाय हवेत. दोरी हाताभोवती कधी गुंडाळू नका, हातमोजे घाला, आणि त्याच्या थेट मागं कुणी उभं राहू नये. तिथलं त्याला दिसत नाही.

घोडा आत गेल्यावरचा क्रम जीवावरचा आहे, म्हणून नीट वाचा. आधी मागचा आडवा दांडा लावायचा, मग डोकं बांधायचं. उतरवताना उलट: आधी डोकं सोडायचं, मगच दांडा काढायचा. डोकं बांधलेलं आणि मागं मोकळं असलं तर घोडा एक पाऊल मागं येतो, दोरी ताणते, तो बावचळून डोकं झटकतो आणि टाळू छतावर आपटते. एका ठिकाणी माझ्यासमोर असं झालं. त्या घोड्याच्या कानामागचं रक्त थांबायला अर्धा तास लागला.

बांधताना एका ओढीत सुटेल अशी गाठ मारा. दोरी थेट लोखंडी कडीला न बांधता मधे सुतळीचं वेटोळं ठेवा. घोडा पडला तर सुतळी तुटेल आणि मान वाचेल. सुंभाचं वेटोळं करू नका, काथ्या भलता चिवट असतो. दोरी इतकी लांब हवी की त्याचं नाक छातीच्या खाली जाईल, आणि इतकीच आखूड की पाय तीत अडकणार नाही. आखूड बांधायची सवय सगळ्यांनाच असते, कारण घोडा मुकाट उभा दिसतो. पण मान सहा ते बारा तास वर बांधून ठेवली तर श्वासनळीतला कफ खाली वाहून बाहेर पडत नाही, तिथं जंतू वाढतात आणि चांगला धडधाकट घोडा प्रवासानंतर फुप्फुसाच्या तापानं पडतो. मान खाली घेणं ही त्याची नाक साफ करायची पद्धत आहे. गवताची जाळीही याच विचारानं बांधावी: खूर अडकणार नाही इतकी वर, पण तोंड छताकडे करून खावं लागणार नाही इतकी खाली. गवत आधी भिजवून निथळून घ्या.

पायांना पट्ट्या किंवा प्रवासाचे बूट बांधत असाल तर दोन दिवस आधी घरीच घालून चालवा. सराव नसलेला घोडा ट्रेलरमध्ये त्या झटकायला पाय आपटत बसतो.

आणि आता गाडी हाकणं. वरचं सगळं नीट केलंत आणि इथं चुकलात तर काही उपयोग नाही.

मी आत एक स्वस्तातला कॅमेरा लावलाय. भाचा शेजारी बसून पडदा बघतो आणि मला सांगत राहतो: “पाय फाकले… आता सावरली… मान खाली गेली.” मी स्वतः पडदा बघत नाही, माझी नजर रस्त्यावर. त्यातून मला कळलं की वळण संपलं असं मला वाटतं तेव्हा लाखीचं वळण अजून चालूच असतं. माझी पुढची चाकं सरळ झाल्यावर मी ॲक्सिलरेटर द्यायचो, त्या वेळी ट्रेलर अजून वळणातच असायचा. आता वेग सगळा वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर कमी करतो. वळणात ब्रेक नाही. ट्रेलरची मागची चाकं सरळ होईपर्यंत वेग वाढवणं नाही. केरीहून अंजुणे धरणाच्या बाजूनं चोर्ल्याला चढताना मी वीसच्या आसपास असतो, उतरताना त्याहून कमी. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनानं गाडी धरायची; सारखा ब्रेक चोळत आलात तर ब्रेक तापतात आणि मागच्या घोड्याला दर पन्नास मीटरला धक्का बसतो. क्लच सोडताना झटका नको. थांबताना शेवटचे दोन मीटर ब्रेक हलका सोडत थांबा, तिथंच सगळ्यांचा घोडा पुढं आदळतो.

पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवा. त्या मोकळ्या जागेत कुणीतरी घुसणारच, मग पुन्हा मागं राहा. मागून हॉर्न वाजवणाऱ्यांसाठी रुंद जागा बघून बाजूला व्हा आणि त्यांना जाऊ द्या. घाटात मी पाच-सहा वेळा तरी असा थांबतो. गतिरोधकावर पिकअपची चाकं उतरली म्हणून सुटू नका, ट्रेलरची चाकं अजून यायची असतात. मांडवीवरच्या अटल सेतूसारख्या उंच पुलावर पावसाळी वाऱ्यात ट्रेलर डुलतो, तिथं वेग उतरवा. आणि पावसाळ्यात चोर्ल्यात धुकं असताना घोडा न्यायचाच नाही. जे काम असेल ते दसऱ्यानंतर.

सगळं नीट चाललं तर साधारण पहिल्या वीस मिनिटांत घोडा खायला लागतो. लाखीचं मी हेच बघतो. तिनं गवत ओढलं की माझे खांदे उतरतात. ती खात नसेल, मानेवर घाम फुटला असेल, पाय आपटत असेल, पातळ लीद टाकत असेल, तर पहिल्या सुरक्षित जागी थांबतो, इंजिन बंद करतो, पुढच्या दारातून हात घालून तिच्याशी बोलतो. रस्त्याच्या कडेला फाळका मात्र उघडत नाही. घाबरलेला घोडा एकदा रस्त्यावर उतरला की तो आपल्या हातात नसतो.

शांत राहायला सोबत लागते. आमचा दुसरा घोडा अबलख शेजारी असला की लाखी निम्मी घाबरते, आणि अबलख लहानपणापासून प्रवासाला सरावलेला आहे. दोन घाबरट घोडे मात्र एकत्र नेऊ नका, एकाचं दुसऱ्याला लागतं. आतला खडखडाटही काढून टाका: साखळ्यांना चिंध्या गुंडाळा, बादल्या बांधा. गुंगीचं औषध देऊन नेणारे आहेत. पशुवैद्याला विचारल्याशिवाय हे कधीच करू नका. गुंगीतला घोडा घाबरत नसेल, पण तोलही धरू शकत नाही, आणि वळणं तेवढीच असतात.

उन्हाळ्यात पहाटे चारला निघायचं. आपल्या दमट हवेत घोड्याचा घाम वाळत नाही आणि उभा ट्रेलर भट्टीसारखा तापतो, म्हणून नाक्यावर रांगेत अडकलात तर सगळ्या खिडक्या उघडा. चालत्या गाडीत मात्र घोड्याला डोकं बाहेर काढू देऊ नका. तीन-चार तासांनी सावलीत थांबा, दोरी सैल करून मान खाली घेऊ द्या, पाणी द्या. परक्या पाण्याला घोडे तोंड लावत नाहीत. मी निघायच्या आठवडाभर आधीपासून घरच्या पाण्यात थोडा गूळ विरघळवतो आणि प्रवासात तेवढाच गूळ परक्या पाण्यात घालतो. लाखीला चव ओळखीची लागते आणि ती पिते.

राज्याबाहेर जायचं असेल तर घोडा प्रवासाला योग्य असल्याचा पशुवैद्याचा दाखला जवळ हवा. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या रक्तचाचणीचा कागदही मी बरोबर ठेवतो. ट्रेलर नसून ट्रकनं नेत असाल तर प्राण्यांच्या वाहतुकीचे १९७८ चे नियम वाचा. चार ते सहापेक्षा जास्त घोडे नकोत, फरशी न घसरणारी हवी, दोन घोड्यांमध्ये किमान ८ सेंटिमीटर जाडीचा बांबू, मागं दोन भक्कम आडवे दांडे, घोड्यांची तोंडं डावीकडे म्हणजे येणाऱ्या गाड्यांपासून दूर, आणि वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आत. हे नियम लिहिणाऱ्यानं घोडा नेलेला असावा, असं मला ते वाचताना वाटतं.

मुक्कामाला पोचल्यावर लगेच खोगीर घालू नका. उतरवून दहा-पंधरा मिनिटं हातानं चालवा, पाणी दाखवा, गवत जमिनीवर टाका म्हणजे मान खाली जाईल. लांबच्या प्रवासानंतर दुसरा दिवस पूर्ण विश्रांतीचा. आणि तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजा. मोठ्या घोड्याच्या अंगाचं तापमान एरवी ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअसमध्ये असतं. त्याच्या वर गेलं, खोकला आला किंवा दाणा सोडला तर वाट न बघता पशुवैद्याला बोलवा. मी आकडे पागेच्या दारामागं खडूनं लिहितो. चौथ्या दिवशी सकाळचा आकडा ठीक आला की पुसून टाकतो, आणि मग लाखीला कुळागराकडे, म्हणजे सुपारीच्या बागेकडे, चरायला सोडतो.